सांगून जा रे, बाबांनो

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात मोटारसायकलची चावी हातात आलेलं पोरगं आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचावी ही विनंती.

पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या हसनाबादच्या चौकातून रविवारी सकाळी गाड्या निघतात. एकेका गाडीवर दोघं-तिघं. पायात स्लीपर, खांद्याला काही नाही, खिशात मोबाईल. आधी भोकरदन, मग सिल्लोड, मग अजिंठ्याचा घाट. कुणी लेणीच्या वरच्या व्ह्यू पॉइंटला जातं, कुणी सोयगावकडं वेताळवाडीच्या किल्ल्यावर, कुणी लांब कन्नडच्या बाजूला गौताळ्यात, अंतूरला. आणि दोन-तीन वर्षांपासून एक नवीन प्रकार निघालाय, एकट्यानंच जायचा. त्याला 'सोलो' म्हणतात. घरी विचारलं, कुठं चाललास? तर उत्तर एकच, "आलो फिरून."

या पोरांना शिव्या घालायला मी ही पोस्ट लिहीत नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत. उलट मला ही पोरं का जातात ते कळतं. आपला जालना जिल्हा म्हणजे दुष्काळाचा. ज्या लेकरानं लहानपणी टँकरमागं हंडे लावले, त्याला डोंगरावरून फुकट कोसळणारं पाणी दिसलं तर ते येड्यावानी धावणारच. मुंबई-पुण्याच्या माणसाला धबधबा म्हणजे सहल असेल, आमच्या पोरांना तो चमत्कार वाटतो. घोटाळा असा की ज्या पाण्याचं एवढं वेड, त्या पाण्यात पोहता येत नाही. आमच्या बापजाद्यांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, चार दिवसांत गडी पोहायला शिकायचा. पुढं विहिरींनी तळ गाठला आणि एक अख्खी पिढी पोहायला न शिकताच मोठी झाली.

वीस वर्षं बातम्या देतोय. आमच्या धंद्यात असल्या घटनेची बातमी चार ओळींची असते आणि त्यात दोन शब्द ठरलेले असतात, 'पाय घसरून'. पाय घसरून दरीत पडला. पाय घसरून कुंडात बुडाला. खोटं काहीच नाही त्यात, पंचनाम्यातही तेच असतं. पण मला दरवेळी वाटतं की पाय सगळ्यात शेवटी घसरतो. त्याच्या आधी बरंच काही घसरलेलं असतं. निघायला दुपार झालेली असते. वाट कुणाला विचारलेली नसते. मोबाईल वीस टक्क्यांवर आलेला असतो. आणि आपण कुठं आहोत हे जगात एकाही माणसाला माहीत नसतं.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या गोष्टीवर आहे.

मे २०२२ मधली लोणावळ्याची घटना आठवा. दिल्लीचा चोवीस वर्षांचा अभियंता. एकटाच नागफणीला गेला, ज्याला लोक ड्यूक्स नोज म्हणतात. उतरताना वाट चुकला. फोन करून सांगितलं की मी रस्ता चुकलोय. नंतर फोन बंद. शिवदुर्ग मित्रचे लोक, पोलीस, एनडीआरएफ, सगळ्यांनी डोंगर पालथा घातला. चौथ्या दिवशी दरीत मृतदेह सापडला. लक्षात घ्या, हे काही हिमालयातलं जंगल नव्हतं. खाली रेल्वे आहे, एक्सप्रेस-वे आहे, रिसॉर्ट आहेत. शोधायला निघालेली माणसं राज्यातली सगळ्यात तयार माणसं होती. तरी चार दिवस लागले, कारण तो नेमका कोणत्या वाटेनं उतरला हे सांगायला सोबत कुणी नव्हतं.

आता याच्या शेजारी आपल्या अजिंठ्याची घटना ठेवा. जुलै २०२३. सोयगाव तालुक्यातलाच एक तरुण मित्रांसोबत लेणीच्या वर गेला आणि सेल्फी घेता घेता सप्तकुंडात पडला. पोहता येत होतं, म्हणून कपारीला धरून राहिला. पण वाचला तो सोबत मित्र होते म्हणून. त्यांनी आरडाओरडा केला, पोलीस आले, पुरातत्त्व खात्याचे कर्मचारी आले, दोर सोडला, वर ओढला. तोच पोरगा तिथं एकटा असता तर? कपारीला धरून माणूस किती वेळ राहील? एक तास? दोन?

आणि सोबत असूनही माणूस एका मिनिटात एकटा होतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडानं दाखवलं. सिंहगड म्हणजे रविवारी जत्रा भरते असा गड. तिथं मित्रांसोबत हैदराबादहून आलेला एक तरुण तानाजी कड्याजवळ जरासा बाजूला गेला आणि दिसेनासा झाला. पाचव्या दिवशी झाडीत जिवंत सापडला. नशीब त्याचं. पण मित्रांना शेवटची जागा माहीत होती, म्हणून शोध कुठून सुरू करायचा हे तरी ठरलं.

आमच्याच भागातला एक पोरगा दोन वर्षांमागं असाच एकटा घाटात गेला होता. नाव-गाव लिहीत नाही, त्याचं लग्न जमायचंय. दुपारी तीनला गाडी लावून धबधब्याच्या कडेनं खाली उतरला. साडेपाचला पाऊस आला, ढग खाली आले, आणि ज्या वाटेनं उतरला होता तिथून पाणी वाहायला लागलं. दुसरीकडून चढायला गेला आणि पाय मोडून बसला. फोनची बॅटरी तोपर्यंत व्हिडिओत संपलेली. घरच्यांना वाटलं मित्राकडं मुक्कामाला असेल, मित्राला वाटलं घरी असेल. रात्रभर तो दगडाच्या आडोशाला भिजत बसला. सकाळी एका गुराख्यानं त्याला पाहिलं.

त्या गुराख्याला मी नंतर भेटलो. म्हटलं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"गुरं बिचकली. मला वाटलं बिबट्या हाय. जवळ गेलो तर लेकरू. आवाज देऊ देऊ घसा बसल्याला, नुसता हात हालवत व्हता."

आणि मग जे म्हणाले ते महत्त्वाचं. "आमच्या वाडीवरून गेला व्हता. थांबून इचारलं असतं तर म्या सांगितलं असतं, तिकडून उतरू नको, पाऊस आला की ती वाट न्हाई, ती नळी हाय."

वाट नाही, नळी आहे. गूगलला हे माहीत नाही. आपल्या पोराला तर नाहीच नाही. ते फक्त त्या वाडीला माहीत आहे, आणि वाडीवर गाडी थांबवायला आपल्या पोरांना लाज वाटते.

एकट्यानं जाण्याचं हे जे वेड आहे, त्यात एका सिनेमाचा वाटा आहे असं मला एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं सांगितलं. 'इन टू द वाइल्ड'. अमेरिकेतला क्रिस्टोफर मॅककँडलेस नावाचा चोवीस वर्षांचा शिकलेला तरुण घर, पैसा, नाव सगळं सोडून १९९२ साली अलास्काच्या जंगलात एकटा गेला, एका पडक्या बसमध्ये राहिला आणि तिथंच मेला. जॉन क्राकावरनं १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, २००७ मध्ये सिनेमा आला. सिनेमा सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण आपली पोरं त्यातलं अर्धंच बघतात.

उरलेलं अर्धं असं. तो एप्रिलमध्ये आत गेला. सोबत थोडा तांदूळ आणि एक हलकी बंदूक. ज्या माणसानं त्याला शेवटची लिफ्ट दिली, त्यानं त्याची तयारी बघून परत चल म्हणून समजावलं, शेवटी आपले रबरी बूट तेवढे दिले. जुलैमध्ये तो परत यायला निघाला होता. हो, निघाला होता! पण जाताना जी नदी पायी ओलांडली होती, तिला बर्फ वितळून पूर आलेला. तो मागं फिरला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीनं गेला. सप्टेंबरमध्ये शिकाऱ्यांना मृतदेह सापडला. त्या नदीवर खालच्या अंगाला, मैलभराच्या आत, तारेवरचा हातानं ओढायचा पाळणा होता. त्यात बसून पलीकडं जाता आलं असतं. त्याच्याकडं चांगला नकाशा असता तर त्याला ते कळलं असतं. आपण कुठं जातोय हे त्यानं घरच्यांना सांगितलंच नव्हतं.

त्याच्या नादानं ती बस बघायला जगभरातून लोक जायला लागले. त्यातले दोघं वाटेतल्या नदीत बुडाले, एक २०१० मध्ये, एक २०१९ मध्ये. शेवटी २०२० मध्ये तिथल्या सरकारनं हेलिकॉप्टर आणून ती बसच उचलून नेली. म्हणजे असला प्रश्न फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. अमेरिकेलाही बस हलवावी लागली.

यावर मला एका जाणत्या माणसानं उत्तर दिलं की आपल्याकडं एकट्यानं रानावनात जायची परंपरा आहे. आहेच. आणि ती तर आपल्या तालुक्याच्या अंगणात आहे. भोकरदन तालुक्यात डोंगराच्या कुशीत जाळीचा देव आहे, महानुभाव पंथाचं मोठं स्थान. चक्रधर स्वामींनी इथल्या जाळीत वाघिणीची पिलं खेळवली अशी श्रद्धा आहे. 'लीळाचरित्रा'च्या पहिल्या भागाचं नावच 'एकांक' आहे, स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ. पण हे मला सांगणाऱ्याला मी एवढंच म्हटलं, स्वामी गावोगाव भिक्षा मागत, माणसांत बसत, त्यांची बोली बोलत फिरले. रानातून जाणाऱ्याचा वाटेवरच्या गावाशी संबंध होता. आपला भिडू गावाला धूळ उडवत वळसा घालून जातो. दोन्हीत फरक आहे.

साहेबाचंसुद्धा तेच. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानं वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि अजिंठ्याची लेणी जगापुढं आली. दहा नंबरच्या लेणीत त्यानं आपलं नाव खरडून ठेवलंय. पण त्याला वाट एका गुराखी पोरानं दाखवली असं या भागात सांगतात. त्या पोराचं नाव कुठं खरडलेलं नाही. असो.

आता प्रशासन काय करतं? पावसाळा आला की बंदीचा आदेश. पुणे, रायगडकडं दरवर्षी निघतो. आधी कलम १४४ खाली, आता नवीन कायद्यातल्या कलम १६३ खाली. धबधब्याच्या अमुक मीटर परिसरात जाऊ नये, सेल्फी काढू नये. जिथं सगळे जातात तिथं पोलीस उभे राहतात. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागं एकाच कुटुंबातले पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले, त्यानंतर असे आदेश निघणारच, मी समजू शकतो. पण त्याचा परिणाम काय होतो तेही बघा. ओळखीच्या जागेवर बंदी आली की पोरं बिनओळखीची जागा शोधतात. ज्या धबधब्याला ना रेलिंग, ना पोलीस, ना टपरीवाला, तिथं जातात. निदान टपरीवाला असला तर आरडाओरडा ऐकायला एक माणूस तरी असतो.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, सुरक्षेचं सामान ठेवावी, प्रशिक्षित माणूस ठेवावा, वगैरे. चांगलंच आहे. पण आपलं पोरगं कोणत्या संस्थेसोबत जातं? ते बापाच्या गाडीत शंभरचं पेट्रोल टाकून जातं. धोरण त्याच्या डोक्यावरून जातं.

आणि घर? घराबद्दल बोललं की लोकांना राग येतो, पण बोलतो. पोरगी शेजारच्या गावी मैत्रिणीकडं निघाली तर आपण चार प्रश्न विचारतो. कुणासोबत, कशानं, किती वाजता येणार, पोचली की फोन कर. पोरगा रात्रभर आला नाही तरी म्हणतो, "पोरगंच हाय, येईल." पोरींवरची ती चौकशी बऱ्याचदा जाचच असते, ते वेगळं. पण पोरावर ती थोडीही नसते. म्हणून पोरगा हरवल्याचं घरच्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं. मग नातेवाइकांना फोन, मग मित्रांना, मग पोलीस ठाणं. तोवर अठरा-वीस तास गेलेले असतात. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा, माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबावं लागतं असा कुठलाही नियम नाही. कुणी तसं सांगून परत पाठवलं तर हटू नका. ११२ ला फोन लावा.

अठरा-वीस तासांत काय होतं ते सांगतो. लोकांना वाटतं की महाराष्ट्रात थंडीनं कोण मरतं? ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याचे सहा तरुण हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीच्या बाजूनं निघाले. धुक्यात वाट चुकली, मुसळधार पाऊस, रात्र जंगलात काढावी लागली. त्यातला एक जण गारठून गेला. भर पावसाळ्यात, आपल्या महाराष्ट्रात. अंगावरचे सुती कपडे भिजले, वर वारा लागला की शरीरातली ऊब झपाट्यानं जाते. अंगाचं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की माणूस बरळायला लागतो, निर्णय चुकतात, उठून भलतीकडं चालायला लागतो. सोबत एक कोरडा सदरा आणि खताच्या गोणीसारखा प्लास्टिकचा जाड कागद असता तरी रात्र निघते. शेतकऱ्याच्या घरात या दोन गोष्टी फुकट आहेत.

मोबाईलचं तसंच. रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. डोंगरात शिरताना फ्लाइट मोड लावा, गरज पडेल तेव्हाच काढा. जागा दाखवणारं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, नकाशा घरूनच उतरवून ठेवला पाहिजे एवढंच. फोन लागत नसेल तर मेसेज टाका, कॉलला पुरत नाही एवढ्या रेंजमध्येही मेसेज कधी कधी जातो. आणि आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, लावून बघायचा. पण या सगळ्याच्या वरताण म्हणजे दहा रुपयांची शिट्टी. घसा तासाभरात बसतो, शिट्टी बसत नाही. त्या पोराच्या गळ्यात शिट्टी असती तर मामांना तो रात्रीच सापडला असता.

वाट चुकली हे कळलं की बसायचं. जिथं आहे तिथं. रात्री चालायचं नाही. सह्याद्रीत कडे आहेत, आपल्याकडं तर सपाटीलाही विहिरी आहेत. बिनकठड्याच्या, गवतानं झाकलेल्या. अंधारात दिव्याच्या दिशेनं शेतातून चालत निघालेला माणूस गावापाशी येऊन विहिरीत जातो. हे आपल्या भागात कुणाला नवीन सांगायला नको.

जनावरांबद्दल लोक जास्त विचारतात, म्हणून थोडक्यात. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात दिसला तेव्हा सगळ्यांनी बातम्या केल्या. वाघ माणसाला टाळतो. बिबट्याही बहुतेक वेळा टाळतोच. डोंगरात आपल्या पोरांना खरी भीती आग्या मोहोळाची आहे. सेंटचा वास, सिगारेटचा धूर, रीलसाठी लावलेलं मोठं गाणं, आणि एखाद्यानं मारलेला दगड. मग कड्यावर पळायला जागा नसते.

कुणी म्हणेल, आम्हाला अनुभव आहे. अनुभवाचं मोल आहेच. पण अरुण सावंतांसारखा गिर्यारोहक, ज्यांचं अख्खं आयुष्य सह्याद्रीत गेलं, ते जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले. सोबत टीम होती, दोर होते, सामान होतं. तरी झालं. मग स्लीपर घालून जाणाऱ्याला डोंगर कशाला सूट देईल?

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. अशी घटना झाली की लोक लिहितात, "बरं झालं", "हौस फिटली", "रील काढा अजून". जुलै २०२४ मध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत पडून गेली, तेव्हा तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. तिकडं स्थानिक पोरं आणि बचाव पथकवाले तासन्‌तास दोरावर लटकून तिला वर आणत होते. त्यांच्यापैकी कुणी "बरं झालं" म्हणालं नाही. खाली उतरणाऱ्यानं कधीच म्हटलेलं नाही. ते फक्त गादीवर लोळणारा म्हणतो.

त्या दोरावर लटकणाऱ्या माणसांपाशी मला यायचं होतं. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स. ही माणसं पोटापाण्याचा धंदा सांभाळून, फोन आला की निघतात. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली तेव्हा दरीत उतरायला महाबळेश्वर ट्रेकर्स होते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा रात्री पावसात चढून जाणाऱ्यांत यशवंती हायकर्स होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात अशी पथकं उभी राहिलीत. आपल्या भोकरदन-सिल्लोडच्या पट्ट्यात असं पथक मी अजून पाहिलेलं नाही. आपल्याकडं घटना झाली की आधी गावकरी धावतात, बैलाचे कासरे आणि विहिरीचा दोर घेऊन. मग पोलीस येतात, त्यांच्याकडंही दोर नसतो. मग मोठ्या शहरातून अग्निशमनची गाडी निघते आणि ती पोचेपर्यंत बहुतेकदा बाहेर काढायचं ते प्रेत असतं.

आणि पथक फक्त धबधब्यावर जाणाऱ्यांसाठी लागतं असं नाही. आपल्या शिवारात शेततळी झालीत. त्याला आतून प्लास्टिक अंथरलेलं असतं. लेकरू किंवा बकरू आत गेलं की त्या गुळगुळीत कागदावरून वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. वाचवायला गेलेला बापही आतच राहतो. काठावर एक दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवली तर जीव वाचतो. ती बांधून ठेवायला कुणाला सुचत नाही. जो दोर टाकायला शिकला, तो धबधब्यावरही कामाचा आणि शेततळ्यावरही.

म्हणून काही मित्रांनी मिळून एक निवेदन तयार केलंय, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवायचंय. मागण्या साध्या आहेत. पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत चांगल्या प्रतीचा लांब दोर, स्ट्रेचर आणि दोन लाइफ जॅकेट असावेत. गावातल्या दहा तरुणांना सह्याद्रीतल्या एखाद्या पथकाकडून प्रशिक्षण मिळावं, त्यांचा येण्या-जाण्याचा खर्च ग्रामपंचायतीनं करावा. आणि घाटाखालच्या वाड्यांवर एक वही ठेवावी. वर जाणाऱ्यानं नाव, घरचा नंबर, किती जण, किती वाजता परत, एवढं लिहायचं. वही सांभाळणाऱ्याला माणशी वीस रुपये द्यावेत. गुराखी मामांसारख्या माणसाला त्यातून चार पैसे मिळतील आणि आपल्या पोराला वाट कुठली आणि नळी कुठली ते कळेल. ही वाड्यांची गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात नाही हे मला माहीत आहे. वनखातं आणि त्या गावांशी बोलावं लागेल. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथूनच सुरुवात करतोय.

तोवर एकट्यानं जायचंच असेल तर जा. अडवणारा मी कोण? फक्त आईला, बहिणीला, नाहीतर मित्राला एक मेसेज टाकून जा. कुठं चाललो, कोणत्या बाजूनं चढणार, सहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आणि ज्याला मेसेज येईल त्यानं सहा वाजता खरंच घड्याळ बघा.

निवेदनावर सह्या आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून ग्रामपंचायतीसमोर घेणार आहोत. येताना पोरांना घेऊन या. प्रशिक्षणाला दहा नावं लागतात, आतापर्यंत चार झालीत. त्यातलं एक नाव त्या पाय मोडलेल्या पोराचं आहे. अजून जरा लंगडतो, पण येतो म्हणालाय.